सुट्ट्यांची यादी की वर्षाचे नियोजन?

आपल्या कोणत्याही शाळेच्या कार्यालयात टेबलाच्या काचेखाली किंवा भिंतीवरच्या खिळ्याला एक कागद हमखास सापडतो. वर जिल्हा परिषदेचे नाव, खाली अनुक्रमांक, सणाचे नाव, तारीख, वार आणि दिवस असे रकाने, आणि तळाशी बेरीज : एकूण ७६. शिक्षक हा कागद बारकाईने वाचतात. कोणता सण रविवारी आल्यामुळे 'बुडाला' याची हळहळ होते, दिवाळीच्या सुट्टीला पुढचा रविवार जोडून येतो का हे बोटांवर मोजले जाते. सरकारी कागदांमध्ये इतक्या आवडीने वाचला जाणारा दुसरा कागद नसेल.

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कागदाचे परीक्षण करण्याचा येथे विचार आहे. कारण 'जिल्ह्याचे शैक्षणिक वर्षाचे नियोजन' या भारदस्त नावाने ज्याचा उल्लेख होतो, ते बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात एवढेच असते. त्याच्या सोबत घटक नियोजन, मासिक नियोजन, सत्र नियोजन असे तक्ते शाळाशाळांतून भरले जातात हे खरे. पण त्या तक्त्यांना जी चौकट लागते ती या कागदाने आधीच ठोकून दिलेली असते.

हा कागद तयार कसा होतो? उन्हाळी सुट्टी कधी लागायची आणि जूनमध्ये शाळा कधी उघडायच्या हे राज्य पातळीवरच्या परिपत्रकातून कळते. माध्यमिक शाळा संहितेने सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे आणि कामाचे किमान २३० दिवस अपेक्षिले आहेत. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की २३७ उरतात. म्हणजे हिशेब जमला. मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक संघ आणि शिक्षक संघटनांचे प्रतिनिधी बसतात आणि उरलेल्या सुट्ट्या सणांवर वाटतात. या बैठकीत चर्चा होते ती वाटपाची. एखाद्या सणाला एक दिवस द्यायचा की दोन, यावर वाद होतात. पहिल्या सत्रात शिकवण्याचे तास किती मिळणार आणि दुसऱ्या सत्रात किती, हा प्रश्न त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सहसा नसतो. नियोजनाची सुरुवातच वजाबाकीने होते. काय उरले ते अध्यापनाचे.

आता या 'उरलेल्या'कडे जरा नीट पाहू. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास असे किमान प्रमाण दिले आहे. दिवस आणि तास अशा दोन अटी आहेत हे लक्षात घ्या. दिवसांची अट सर्वांना पाठ असते. तासांची अट मात्र कोणी मोजत नाही.

आपण मोजून पाहू. समजा, एका शाळेत पूर्ण दिवशी ३५ मिनिटांच्या ८ तासिका होतात, म्हणजे २८० मिनिटे. शनिवारी सकाळच्या शाळेत ५ तासिका, म्हणजे १७५ मिनिटे. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळा सकाळची झाली की ३० मिनिटांच्या ६ तासिका, म्हणजे १८० मिनिटे. वर्षाचे २२० दिवस काटेकोर भरले असे धरू. त्यातले ४० शनिवार आणि आणखी ३० दिवस उन्हाळी सकाळशाळेचे. उरले १५० पूर्ण दिवस. गुणाकार आणि बेरीज केल्यावर ५४,४०० मिनिटे होतात. हे झाले ९०६ तास आणि ४० मिनिटे. कायद्याला हवे आहेत १०००, म्हणजे ६०,००० मिनिटे. तूट ५,६०० मिनिटांची, आणि ती बरोबर २० पूर्ण दिवसांइतकी आहे. एकही दिवस न बुडवता, एकही जादा सुट्टी न घेता, शाळा जवळजवळ महिनाभर कमी भरली! यात परीक्षांचे दिवस, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनाची तयारी, शिक्षकांची प्रशिक्षणे यांतले काहीही अजून वजा केलेले नाही. वरचे आकडे कल्पित शाळेचे आहेत. वाचकांनी आपल्या शाळेचे वेळापत्रक घेऊन हीच आकडेमोड करावी. सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करून घेतली तर आणखी उत्तम. गणिताच्या पुस्तकातल्या नळ आणि टाकीच्या उदाहरणांपेक्षा तिच्यात जीव अधिक आहे.

उन्हाळ्यात शाळा सकाळची करू नये, असे मला म्हणायचे नाही. मार्च २०२५ मध्ये उन्हाचा कडाका पाहून राज्यभर सकाळच्या शाळेच्या वेळा ठरवून देण्यात आल्या, आणि पाठोपाठ पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे वेळापत्रक आले. पहिला निर्णय उन्हामुळे शाळेची वेळ कमी करणारा, दुसरा ऐन उन्हात मुलांना महिनाअखेरपर्यंत शाळेत आणणारा. दुसऱ्यामागे कारणही होते : परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकल्या की पुढे वर्ग ओस पडतात, हा सर्वांचा अनुभव आहे. दोन्ही कारणे खरी. पण दोघांचा मेळ एका तक्त्यावर कोणी घालून पाहिल्याचे दिसले नाही. नियोजन म्हणजे तो मेळ घालणेच होय.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. 'उन्हाळी सुट्टी' हा शब्द आपण असा वापरतो, की जणू साऱ्या महाराष्ट्रावर उन्हाळा एकाच मापाने येतो. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते. पुण्यात ते ३७च्या आसपास, आणि तेथे मे महिन्यापेक्षा एप्रिल किंचित अधिक तापतो. मुंबईत ते ३३च्या जवळपास राहते. तेथे त्रास होतो तो हवेतल्या आर्द्रतेचा, कारण घाम वाळत नाही. तिन्ही ठिकाणचा उन्हाळा वेगळा, त्याची वेळ वेगळी, शरीरावरचा परिणामही वेगळा. विदर्भासाठी एक सवलत आहे : तेथील शाळा उशिरा उघडतात. २०२५ साली इतरत्र १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला शाळा उघडल्या. पाऊस पूर्व विदर्भात उशिरा पोहोचतो आणि तोवर ऊन ओसरत नाही, हे त्यामागचे शास्त्र. म्हणजे हवामान पाहून वेगळे वर्ष आखता येते, हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. मग ही सवलत एका विभागाच्या एका आठवड्यापाशीच का थांबते, असे विचारायला हरकत नाही.

सूर्याच्या हिशेबात चंद्राची भर पडते. आपली दोन सत्रे दिवाळीच्या सुट्टीने विभागली जातात, आणि दिवाळी चांद्रमासाने येते. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून सण दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेतात. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला होते; २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. दोन लागोपाठच्या वर्षांत १८ दिवसांचा फरक! रविवार आणि एखादी सुट्टी वगळली तरी पहिले सत्र सुमारे पंधरा कामाच्या दिवसांनी लांबते किंवा आखूड होते. पाठ्यक्रमाची विभागणी मात्र ठरलेली : इतके पाठ पहिल्या सत्रात, इतके दुसऱ्या सत्रात. आखूड सत्राच्या वर्षी प्रयोग गाळले जातात, लांब सत्राच्या वर्षी 'सराव' चालतो.

यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही, कारण यातले काहीही अचानक घडत नाही. एकोणीस सौरवर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, त्यामुळे १९ वर्षांनी तिथी पुन्हा बहुधा त्याच तारखेच्या आसपास येते. २००६ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच होते. म्हणजे पुढच्या १९ वर्षांची सत्रे आज, या टेबलावर बसून आखता येतील. तरीही अनेकदा सुट्ट्यांची यादी शाळेच्या हाती पडते ती शाळा उघडल्यानंतर. ज्या गोष्टी वर्षानुवर्षे आधी कळतात त्यांचेही नियोजन आपण आयत्या वेळी करतो.

निवडणुकांचे आणि जनगणनेचेही असेच. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना इतर कामांतून मुक्त केले, पण दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. २०२४ साली दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच विधानसभेचे मतदान आले, २० नोव्हेंबरला. दुसऱ्या सत्राचे पहिले आठवडे प्रशिक्षण, साहित्यवाटप आणि प्रत्यक्ष काम यांत गेले. जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही २०२५ सालीच जाहीर झाली. सुट्ट्यांच्या यादीत मात्र अशा दिवसांसाठी रकाना नसतो. त्या दिवशी शाळा 'सुरू' असते आणि तो दिवस २३० मध्ये धरला जातो.

येथपर्यंत आपण शिक्षकांचे दिवस मोजले. मुलांचे दिवस मोजू लागलो की चित्र अधिक बिकट होते.

बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ती कधी जाणार हे शिक्षण खात्याच्या कोणत्याही कागदावर नसते. ते साखर कारखान्यांच्या गाळप हंगामावर ठरते. या हंगामाची सुरुवात शासनाची मंत्री समिती ठरवते : २०२४-२५ च्या हंगामासाठी १५ नोव्हेंबर, २०२५-२६ साठी १ नोव्हेंबर. म्हणजे त्या तालुक्यांतल्या हजारो मुलांच्या दृष्टीने पहिले सत्र संपण्याची खरी तारीख मंत्रालयातच जाहीर होते, फक्त दुसऱ्या दालनात! साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली. मूल गावीच राहावे म्हणून वसतिगृह गाडी हलण्यापूर्वी सुरू व्हायला हवे. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर एकदा गावाबाहेर पडला की नंतर मिळालेल्या मंजुरीचा काय उपयोग? अशा तालुक्याच्या वार्षिक नियोजनात पहिली नोंद गाळप हंगामाची असायला हवी, आणि पहिल्या सत्रात गणित-भाषेचा पाया जास्तीत जास्त भरून घेण्याची योजना हवी. प्रत्यक्षात त्यांच्या हातीही ७६ दिवसांचा तोच कागद असतो.

सातपुड्यात, नंदुरबारच्या डोंगराळ भागात, होळीपूर्वी भोंगऱ्याचे बाजार भरतात. होळीला बाहेरगावी गेलेली माणसेसुद्धा घरी येतात. पाड्यापाड्यावर होळी वेगवेगळ्या दिवशी पेटते. त्या काळात शाळेत मूल येत नाही, आणि ते आले नाही म्हणून कोणी आईबाप त्याला रागवत नाहीत. यादीत होळी आणि धूलिवंदन यांचे मिळून एक-दोन दिवस. उलट त्याच पाड्यावर ज्यांचे नावही फारसे परिचित नाही अशा सणांना शाळा बंद. गडचिरोलीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला घरातली सगळी माणसे जातात, त्यात मुले आलीच. शाळा सकाळची होते ती नेमकी याच दिवसांत, म्हणजे मोहाच्या आणि शाळेच्या वेळा एकमेकींवर येतात. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताच्या लावणीचे दिवस जुलैचे; थोरली मुले बांधावर किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी.

ही सर्व उदाहरणे नवी नाहीत. ग्रामीण शाळेत चार वर्षे काढलेल्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या गावाची ही दिनदर्शिका तोंडपाठ असते. अमुक आठवड्यात नवा धडा काढू नये, हे तो अनुभवाने शिकतो. हे ज्ञान कागदावर येत नाही आणि तो शिक्षक बदलून गेला की त्याच्यासोबत जाते.

कायद्याने काय म्हटले आहे? शिक्षणहक्क कायद्याच्या ९व्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत, आणि स्थानिक प्राधिकरणांत जिल्हा परिषद येते. त्या यादीत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, हे एक कर्तव्य आहे. त्याच यादीत शेवटी आहे : शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवणे. म्हणजे जिल्ह्याने आपले वर्ष आपण आखायचे, हा केवळ अधिकार नाही, ते कर्तव्य आहे. राज्याच्या परिपत्रकातही एक फट ठेवलेली असते : उन्हाळी व दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या प्रसंगी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने समायोजित करता येतात. कोकणातले जिल्हे गणपतीसाठी तिचा उपयोग करतात आणि तेथे आभाळ कोसळलेले नाही. कोकणात गणपतीला जे जमते ते सातपुड्यात होळीला आणि गडचिरोलीत मोहाला जमायला काय अडचण आहे? अडचण बहुधा अशी, की गणपतीसाठी मागणी करणारे शिक्षक स्वतःच त्या सणाला गावी जातात. मोहफुले वेचणाऱ्यांचा प्रतिनिधी त्या बैठकीत नसतो.

एकसारखे वेळापत्रक हवे असे म्हणणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. दहावी-बारावीची परीक्षा राज्यभर एकाच दिवशी असते, शिष्यवृत्ती परीक्षाही तशीच. बदल्या, पाठ्यपुस्तकांचे वितरण, पुढचे प्रवेश, सगळे एका तारखेला बांधलेले. पण ही बंधने मुख्यतः वरच्या वर्गांची आहेत. पहिली ते सातवीच्या वर्षात वीस-पंचवीस दिवस इकडचे तिकडे केले तर यातली कोणती परीक्षा अडते?

जिल्ह्याला अधिकार दिले की सगळे आपोआप सुधारते, असाही भ्रम नको. अमेरिकेत सुमारे १३ हजार शालेय जिल्हे आहेत आणि बहुतेक ठिकाणी निवडून आलेले मंडळ आपापले वर्ष आखते; राज्याचा कायदा साधारण १८० दिवसांचे किंवा ठरावीक तासांचे बंधन घालतो. मसुदा आधी जाहीर होतो, पालक बोलतात, मग ठराव होतो. ही पद्धत घेण्यासारखी आहे. पण तेथील दीर्घ उन्हाळी सुट्टी शेतीसाठी सुरू झाली, हा तेथे सर्रास सांगितला जाणारा समज तपासून पाहिला तर टिकत नाही. १९व्या शतकात ग्रामीण शाळा वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला बंद असत आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात भरत. शहरांतल्या शाळा जवळजवळ वर्षभर चालत. १८४२ साली न्यूयॉर्कमध्ये त्या सुमारे २५० दिवस भरत होत्या. पुढे शहरातला उकाडा, सधन कुटुंबांची उन्हाळ्यात बाहेरगावी जाण्याची रीत आणि दोन्हींना एका साच्यात बसवण्याची प्रशासनाची गरज यांतून आजची सुट्टी घडली. व्हर्जिनिया राज्यात तर १९८६च्या एका कायद्याने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपूर्वी शाळा उघडण्यास मनाई केली, ती पर्यटन व्यवसायाच्या हितासाठी. तेथल्या एका करमणूक उद्यानाच्या नावानेच तो कायदा ओळखला जाई. २०१९ साली तो सैल करण्यात आला. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचे वेळापत्रक, हा नियम तेथेही आहेच.

दीर्घ सुट्टीत मुले शिकलेले विसरतात का, याचा अभ्यासही तेथे झाला आहे. १९९६ साली हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून असा निष्कर्ष काढला, की सुट्टीत सरासरी एक महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरण होते आणि ती वाचनापेक्षा गणितात अधिक असते. पुढे काही संशोधकांनी त्या चाचण्यांच्या मापनपद्धतीवरच शंका घेतल्या. त्यातला काही परिणाम मोजपट्टीचा आहे, मुलांचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. पण तेथे वाद घालण्यासाठी निदान मोजमाप तरी आहे. गोव्यात २०२५ साली सहावीपासून पुढच्या वर्गांचे वर्ष ७ एप्रिललाच सुरू करण्यात आले. ऊन, पालकांची नाराजी, न्यायालय, सगळे झाले. जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरुवात केल्याने उपस्थितीत आणि शिकण्यात काय फरक पडला, हे मोजण्याची अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

विज्ञानशिक्षकाची आणखी एक तक्रार येथे नोंदवतो. ती किरकोळ वाटेल. शून्य सावलीचा दिवस पाहण्यासारखा असतो : भर दुपारी खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. तो कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला मेच्या मध्यास, नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो. तिन्ही वेळा शाळा बंद! सूर्य परत फिरताना जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा शाळा सुरू पण आभाळ ढगाळ. सह्याद्रीतले काजवेही पहिल्या पावसापूर्वी, म्हणजे सुट्टीतच. निसर्ग सुट्टी पाहून चालत नाही, पण निदान पळस फुलण्याचे दिवस, स्वच्छ आकाशाच्या हिवाळी रात्री आणि पुस्तकातले पाठ यांची जोडी जिल्ह्याच्या नियोजनात लावता येईल. आज आकाशदर्शनाचा पाठ ऑगस्टमध्ये येऊन पडला तर तो ढगांसकट शिकवावा लागतो.

मग करायचे काय? बैठकीत बोलण्यासाठी आधी पुरावा लागतो, आणि तो प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून आहे. गेल्या पाच वर्षांची हजेरीपत्रके काढावीत. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक आठवड्याची उपस्थिती शेकडेवारीत मांडावी आणि आलेखकागदावर वर्षाचे आठवडे आडव्या अक्षावर, शेकडेवारी उभ्या अक्षावर घेऊन पाच रेषा पाच रंगांत काढाव्यात. हजेरीपत्रकावर पूर्ण विसंबू नये. आपल्याला ठाऊक आहेच की काही खुणा कामापुरत्या असतात. शक्य तेथे पोषण आहाराच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. मग दऱ्या कोठे पडतात ते पाहावे. एखादी दरी पाचही वर्षे त्याच आठवड्यात असेल तर कारण शेतीत, जंगलात किंवा हवामानात शोधावे. दरी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकून एखाद्या वर्षी पुढे उडी घेत असेल तर ते तिथीचे काम. एकाच वर्षी असेल तर साथ, पूर किंवा निवडणूक आठवावी. मुलींची रेषा वेगळी काढली तर आणखी काही दिसेल.

एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे असे आलेख केंद्रप्रमुखांसमोर एकावर एक ठेवले, की त्या भागाचे खरे शैक्षणिक वर्ष डोळ्यांना दिसू लागते. हे काम एप्रिलमध्ये, निकालपत्रकांच्या धांदलीत होणार नाही. जानेवारीत आठवीच्या मुलांना हाताशी धरून करावे, म्हणजे पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या वाटण्याची बैठक भरेल तेव्हा आलेख सोबत नेता येतील.